दुसऱ्या वर्दीतली बडतर्फी



पेण-रोह्याच्या गावांतून फौजेत गेलेला जवान पेन्शनवर येतो तेव्हा चाळिशीच्या आसपास असतो. मुलं शाळेत, घराचं काम अर्धवट. मग तो दुसरी वर्दी चढवतो. कुणी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात, कुणी रेल्वे सुरक्षा दलात, कुणी राज्य पोलिसांत. भरतीत माजी सैनिक म्हणून सवलत मिळते. नोकरीवरून काढताना मात्र त्याच्या फौजी सेवेला वेगळं संरक्षण नाही. अमेरिकेत 1944च्या कायद्याने ते दिलं. तिथे एफबीआयच्या बाकी कर्मचाऱ्यांना बडतर्फीविरुद्ध सहसा स्वतंत्र मंडळाकडे जाता येत नाही, पात्र माजी सैनिकाला जाता येतं. आपल्याकडेही तशी तरतूद हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर हाती आहे ते तरी वाया जाऊ देऊ नका. या दोन्ही केंद्रीय दलांच्या कायद्यांत अपिलाची मुदत 30 दिवस आहे, आदेश कळल्यापासून. उशिराला सबळ कारण असेल तर अपील नंतरही दाखल करून घेता येतं, पण त्या भरवशावर राहू नये. अपील फेटाळलं तर उच्च न्यायालयात रिट करता येते. ही संघराज्याची सशस्त्र दलं असल्यामुळे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे हे प्रकरण चालत नाही. सशस्त्र सेना न्यायाधिकरणही नव्हे; तिथे फौजेतल्या सेवेचे आणि तिच्या पेन्शनचे प्रश्न जातात. चुकीच्या दारात अर्ज पडून राहतो आणि महिने निघून जातात.

राज्य पोलिसांतल्या माणसाला घटनेचं 311वं कलम आहे. आरोप कळवून, चौकशी करून, बाजू मांडू दिल्याशिवाय बडतर्फ करता येत नाही. अपवाद आहेत. चौकशी करणं व्यवहार्य नाही असं अधिकाऱ्याला वाटलं, तर त्याची कारणं त्याने लेखी नोंदवायलाच हवीत. तुलसीराम पटेल खटल्यात 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने हे अपवाद मान्य केले, तरी अपिलाचा मार्ग खुला ठेवला. खात्यातलं अपील संपलं की महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे एका वर्षात जावं लागतं.

धाटावच्या कारखान्यांत ठेकेदाराकडून पहाऱ्यावर असलेल्यांना यातलं काही लागू नाही. त्यांनी कामगार कायद्याचा सल्ला घ्यावा.

आदेश हाती पडला की ती तारीख लिहून ठेवा. दोषारोपपत्र, तुमचं उत्तर, चौकशीचा अहवाल, सगळ्याच्या प्रती जपा. आणि त्याच आठवड्यात अलिबागला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन विचारा.