आकाशातील डोळा आणि आपली वाडी

(वर्षावास कार्यक्रमात केलेले भाषण)



वर्षावासात धम्मावर बोलण्याची आपली प्रथा. आज आम्ही उपग्रहांवर बोलणार, याचे काहींना नवल वाटेल. पण दुःखाला कारण असते हे ज्यांनी शिकवले, त्यांच्या अनुयायांनी वादळाचे कारण समजून घेणे हेही धम्माला धरूनच आहे.

१६ मे २०२१ चा रविवार मालवण किनारा विसरणार नाही. तौक्ते वादळाने माड मोडले, विजेचे खांब आडवे झाले, घरांचे पत्रे उडाले. 'वादळ अचानक आले' असे अजून बोलले जाते. ते अचानक आले नव्हते. लक्षद्वीपजवळ ते तयार होत असल्यापासून आपले इन्सॅट उपग्रह त्याच्यावर नजर ठेवून होते. मच्छिमारांनी समुद्रात जाऊ नये असे इशारेही आधीच निघाले होते.

हे उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात. पृथ्वी जेवढ्या वेळात स्वतःभोवती फिरते, तेवढ्याच वेळात तेही एक फेरी घालतात. म्हणून ते आपल्या डोक्यावर एकाच जागी थांबलेले दिसतात आणि दिवसरात्र चित्रे पाठवतात. रात्री काय दिसणार, असे कोणी विचारील. ढगांचा माथा किती थंड आहे हे उष्णतेच्या किरणांवरून कळते. माथा जितका थंड, तितका ढग उंच. भर समुद्रात वारा मोजायला माणूस नसतो, म्हणून ढगांच्या वेटोळ्याचा आकार पाहून वाऱ्याचा वेग ठरवतात. ही पद्धत ड्वोराक नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात बसवली. वादळ किनाऱ्याजवळ आले की पणजीच्या रडारचीही मदत होते. ढगाखाली पाणी किती पसरले हे साध्या कॅमेऱ्याला दिसत नाही, त्यासाठी रडार असलेले वेगळे उपग्रह लागतात. हैदराबादचे दूरसंवेदन केंद्र त्यांच्या आधारे पुराचे नकाशे करते.

तौक्ते हे नाव म्यानमारने दिले होते. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ पाल. त्या बौद्ध देशाची एक हकिकत आपण मनात ठेवली पाहिजे. २ मे २००८ रोजी नर्गिस वादळ इरावतीच्या मुखाशी धडकले. आपल्या दिल्लीच्या हवामान केंद्राने म्यानमार सरकारला आधीच सावध केले होते. तरीही सुमारे १ लाख ३८ हजार माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. उपग्रह चुकला नव्हता. दिल्लीहून राजधानीपर्यंत गेलेली खबर खाडीकाठच्या झोपडीपर्यंत पोचली नाही, एवढेच झाले. आणि 'एवढेच' म्हणजे केवढे, ते आकड्यावरून दिसतेच.

दामोदर नदीला १९४३ मध्ये मोठा पूर आला, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. पूर ही दैवाची गोष्ट मानून ते बसले नाहीत. धरणे, वीज आणि पाणी यांचा एकत्र विचार करणारी योजना त्यांनी पुढे रेटली. त्यांचे हे काम आपल्या भाषणांत फार क्वचित येते.

आता आपल्या वाडीकडे येऊ. देवबागसारख्या गावाला एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी. तिथला धोका सर्वांना दिसतो. आतल्या वाड्यांचे तसे नाही. मोबाईलवर इशारा येतो, पण एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडे मोबाईल कुठला? मुलगा मुंबईला, संदेश जातो त्याच्या फोनवर.

वादळानंतरची गोष्ट तर आणखी अवघड. उपग्रहाला उडालेला पत्रा कुणाचा हे विचारावे लागत नाही. पंचनाम्याला मात्र विचारावे लागते. आपली कित्येक घरे दुसऱ्याच्या नावच्या जमिनीत. सातबाऱ्यावर वीस-पंचवीस हिस्सेदार, घरपट्टी मेलेल्या आजोबांच्या नावाने. मदतीची रक्कम थेट बँक खात्यात जमा होते. आम्ही बँकेच्या खिडकीत बसणारी माणसे, म्हणून जाणतो की पासबुकावर एक नाव, आधारवर दुसरे आणि खाते कित्येक वर्षे बंद पडलेले, अशी स्थिती असेल तर मंजूर पैसाही अडकतो. आकाशातून घर दिसले तरी कागदावर ते नसते. आम्हाला वादळापेक्षा याचीच भीती अधिक वाटते.

म्हणून कार्यकारिणीपुढे दोन गोष्टी ठेवतो. प्रत्येक वाडीत दोन तरुणांनी हवामान खात्याचा इशारा रोज पाहावा आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या दारात जाऊन सांगावा. सांगताना 'व्हॉट्सअ‍ॅपवर आले' असे सांगू नये. खात्याचा इशारा कोणता आणि अफवा कोणती, हे तपासल्याशिवाय तोंड उघडू नये. कालाम सुत्त आपण वाचतो ते कशासाठी?

दुसरी गोष्ट कागदांची. येत्या रविवारी सकाळी १० वाजता विहारात आम्ही बसणार आहोत. येताना घरपट्टीची पावती, असेसमेंटचा उतारा, आधार कार्ड आणि पासबुक आणावे. आजोबांचे नाव अजून चालू असेल तर मृत्यूचा दाखलाही सोबत असू द्यावा.

जय भीम!