चुलीचा धूर आणि घरातली हवा



हवा बिघडली असे आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांपुढे कारखान्यांची धुराडी येतात, शहरातली मोटारींची गर्दी येते. खेड्यातली हवा तेवढी स्वच्छ, असे आपण धरून चालतो. शिवारातली हवा पुष्कळदा तशी असतेही. पण घरातली बाई, तान्हे मूल आणि थकलेले म्हातारे माणूस यांचा दिवस शिवारात कमी आणि छपराखाली अधिक जातो. म्हणून आज मी शिवारातल्या हवेविषयी न बोलता स्वयंपाकघरातल्या हवेविषयी बोलणार आहे. मी वैद्यकाचा माणूस नव्हे, महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. तेव्हा आपल्यापुढे मांडणार आहे तो एक हिशेब आहे. या हिशेबात पैसाही आहे आणि श्वासही आहे.

पहिला प्रश्न असा की, धूर म्हणजे काय? धूर म्हणजे अर्धवट जळलेले सरपण. लाकूड नीट पेटले, त्याला पुरेशी हवा मिळाली, तर ज्योत स्वच्छ लागते. लाकूड ओले असेल, चुलीचे तोंड कोंबून भरले असेल, तर जळण्याऐवजी ते धुमसते, आणि ज्याची उष्णता व्हायची त्याचा धूर होतो. म्हणजे डोळ्यांत जाणारा धूर हे वाया गेलेले जळण आहे. आमच्या येवले तालुक्यात पाऊस कमी, झाडे विरळ. चुलीत जाते ते वेड्या बाभळीचे फाटे, तुराट्या, पऱ्हाट्या, दाणे काढलेली मक्याची कणसे आणि गोवऱ्या. हे जमवायला बायकांचे किती तास जातात ते ज्यांचे त्यांना ठाऊक. अशा कष्टाच्या जळणातला वाटा धूर होऊन जावा, हा तोट्याचा व्यवहार झाला.

पण खरा तोटा पुढेच आहे. धुराने डोळे चुरचुरतात, ठसका लागतो, म्हणून आपल्याला तो कळतो. जो भाग घातक आहे, तो मात्र दिसत नाही. धुरात इतके बारीक कण असतात की आपल्या डोक्याच्या केसाची जाडी त्यांच्या पंचवीस-तीस पट भरेल. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात, काही रक्तातही उतरतात. आढ्याला लोंबणारी काजळी आपण दिवाळीला झाडून काढतो, छातीतली काजळी झाडायला केरसुणी नाही.

हे आपल्या देशात प्रथम नीट ध्यानात आणून दिले ते दिल्लीच्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी. १९५९ साली त्यांनी आणि डॉ. पाठक यांनी आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. फुप्फुसाच्या जुन्या दुखण्यामुळे हृदयाची उजवी बाजू थकत जाते, असा एक विकार आहे. तो विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत दिसावा हे समजण्यासारखे होते. पण दिल्लीच्या रुग्णांत बायकाही जवळजवळ तितक्याच होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक जणींनी विडीला हात लावलेला नव्हता. मग ही छाती बिघडली कशाने? त्यांचा संशय चुलीच्या धुरावर गेला.

पुढे अमेरिकेतील प्राध्यापक कर्क स्मिथ आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनी गुजरातमधल्या काही खेड्यांत हा धूर मोजला. त्याचे निष्कर्ष १९८३ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या मोजण्यात एक मोठा विचार होता. यंत्र त्यांनी गावाच्या चौकात ठेवले नाही, स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्याच अंगावर बांधले. बाई जो श्वास घेते तिथली हवा मोजायची, असा हेतू. स्वयंपाक चालू असताना एक घनमीटर हवेत सरासरी सुमारे ७ मिलिग्रॅम कण सापडले. आजही ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. धूर किती झाला एवढे पाहून भागत नाही, तो कोणाच्या नाकाजवळ आणि किती वेळ झाला हे पाहावे लागते. अंगणातल्या मोठ्या शेकोटीपेक्षा बंद खोलीतली लहानशी चूल अधिक घातक ठरते ती यामुळेच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालची मुले २ लाख ३७ हजारांहून अधिक होती. मुलांना होतो तो न्यूमोनिया. मोठ्यांना जडतो तो श्वासनलिका आक्रसण्याचा जुना विकार, हृदयरोग, पक्षाघात, डोळ्यांत मोतीबिंदू. पुष्कळ घरांत म्हातारीच्या खोकल्याला ‘वयाचा खोकला’ म्हणतात. तो वयाचा नसतो, चाळीस वर्षांच्या चुलीचा असतो.

यावर उपाय शोधण्यात आपला महाराष्ट्र मागे नव्हता. वर्ध्याच्या मगनवाडीत, ग्रामोद्योगाच्या कार्यातून, १९४० नंतरच्या दशकात धुराड्याची ‘मगन चूल’ निघाली. केंद्र सरकारने १९८३ पासून २००२ पर्यंत सुधारित चुलींचा कार्यक्रम चालवला आणि देशात तीन कोटींहून अधिक चुली बांधल्या. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली स्थापन केलेल्या संस्थेनेही या कामी खूप खटपट केली. नंतर १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली. तिची आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्या शेजारच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, देण्यात आली.

इतके झाले, तरी घरातला धूर संपला का? इथे हिशेबातली मेख आहे. आमच्या भागात कोणत्याही घरी विचारा, उत्तर साधारण एकच येते : “गॅस आहे हो! पण चहा-भाजीपुरता. भाकरी चुलीवरचीच गोड लागते, अन् अंघोळीचं पाणी काय गॅसवर तापवायचं? परवडंल का?” ती बाई चुकीचे बोलत नाही. सिलिंडर रोख पैशाने येते आणि फाटे बांधावरून येतात. शिवाय भाकरी निखाऱ्यापुढे उभी करून फुगवण्याची आपली रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. परंतु फुप्फुसाला हा युक्तिवाद कळत नाही. सकाळी पाण्यासाठी पेटलेली चूल दीड-दोन तास धुमसत राहिली, तर चहा गॅसवर करून वाचवलेला धूर तिने परत घरात आणून भरला.

अर्ध्या उपायाने काय होते, हे एका प्रयोगात दिसून आले आहे. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशात याच प्राध्यापक स्मिथ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाचशेहून अधिक घरे निवडली. निम्म्या घरांत धुराड्याची चूल बांधून दिली. २०११ साली निष्कर्ष बाहेर आले. तान्ह्या मुलांच्या श्वासात जाणारा चुलीचा विषारी वायू सुमारे निम्म्यावर आला होता. कडक न्यूमोनिया कमी झाला. पण एकूण न्यूमोनिया खात्रीने सांगता येईल इतका घटला नाही. अर्थ असा की, धूर निम्मा करणे चांगलेच, पण तेवढ्याने काम भागत नाही. घरात शिल्लक राहिलेला शेवटचा जाळ कोणता, हे शोधून तोच बाहेर काढायला हवा.

पुष्कळ घरांत हा शेवटचा जाळ अंघोळीच्या पाण्याचा असतो. त्याचे चुलवण घराबाहेर, दारा-खिडकीपासून दूर, वारा घराकडे येत नसेल अशा बाजूला मांडावे. ऊन आपल्याकडे मुबलक आहे. काळा रंग दिलेले, झाकण असलेले लोखंडी पिंप दिवसभर उन्हात ठेवले, तर संध्याकाळी कोमट पाणी फुकट मिळते. भाकरीची चूलही पडवीत किंवा उघड्या छपरीत नेता येते. हल्ली हमरस्त्यावर ‘चुलीवरचे जेवण’ अशा पाट्या झळकतात. जेवणाऱ्याला चव मिळते, पण त्या चुलीपुढे दिवसभर कोण बसते, याचाही विचार व्हावा.

चूल घरातच ठेवणे ज्यांना भाग आहे, त्यांनी चार गोष्टी पाळाव्यात. सरपण वर्षभर वाळलेले आणि बारीक फोडलेले असावे. भांड्यावर झाकण ठेवावे, डाळ-कडधान्य आधी भिजत घालावे, म्हणजे चूल लवकर विझते. चूल पेटवायला प्लॅस्टिकची पिशवी, रबर, तुटकी चप्पल कधीही वापरू नये. त्या धुरातली विषे लाकडाच्या धुराहून वेगळी आणि वाईट. आणि धुराला वाट द्यावी. धाब्याच्या घरांना आपल्या वाडवडिलांनी छतात साणे ठेवले, ते उगाच नव्हे. तापलेला धूर वर चढतो, म्हणून त्याची वाट उंचावर हवी, आणि समोरून खाली ताजी हवा आत यायला हवी. धुराडे असेल तर ते छपराच्या वर काढावे आणि त्यातली काजळी महिन्याकाठी काढावी. तुंबलेले धुराडे नसल्यासारखेच. धुराने वाशांना कीड लागत नाही, डास पळतात, असे जुने लोक सांगतात. त्यात तथ्य असेलही, पण वाशापेक्षा नातवाची छाती मोलाची. लहान मूल आणि गर्भारशी बाई यांना जळत्या चुलीपासून दूर ठेवावे.

डासांची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, डासांची एक अगरबत्ती जळून संपेपर्यंत जितके बारीक कण सोडते, तितके सोडायला ७५ ते १३७ सिगारेटी लागतील. दारे लावून ही अगरबत्ती बाळाच्या उशाशी ठेवण्यापेक्षा मच्छरदाणी लावलेली बरी.

आणखी एक सूचना जिवाशी संबंध असलेली आहे. संक्रांतीच्या सुमारास, आमच्या येवल्यात पतंगांचे दिवस असतात तेव्हा, थंडी कडाक्याची पडते. अशा वेळी कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दार लावून झोपू नका. त्या निखाऱ्यातून निघणाऱ्या वायूला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातला जो घटक प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. माणूस झोपेतच जातो. बंद न्हाणीघरातल्या गॅसच्या गिझरनेही असेच बळी घेतले आहेत.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. मुलांना वहीत तीन रकाने आखायला सांगा : घरात दिवसभरात जाळ किती वेळा पेटला, कशासाठी पेटला आणि त्या वेळी खोलीत कोण होते. आठवडाभराची नोंद झाली की तो शेवटचा जाळ मुलेच शोधून काढतील. पांढऱ्या कागदाला खोबरेल तेलाचे बोट फिरवून एक कागद स्वयंपाकघरात आणि एक ओट्यावर दिवसभर टांगा. दोन्हींतला फरक डोळ्यांनी दिसेल. मात्र सर्वांत घातक कण या कागदावरही दिसत नाहीत, एवढे मुलांना अवश्य सांगा.

येवल्याचा विणकर पैठणीच्या रेशमाला काजळी लागू देणार नाही. मागावरच्या रेशमाला आपण जितके जपतो, तितके चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या श्वासाला जपायचे, तर त्याचा आरंभ घरातल्या पुरुषांनी करायला हवा. चुलवण बाहेर मांडायला कुदळ लागते, साणे मोकळे करायला शिडी लागते आणि सिलिंडर संपले की ते वेळेवर आणायला पैसा लागतो. या तिन्ही गोष्टी बहुतेक घरांत पुरुषांच्या हाती असतात. येत्या रविवारी एवढे काम उरकावे, अशी विनंती करतो.