पाण्याची विद्या आपल्या मुलांनी शिकावी

(संग्रामपूर येथे विहाराच्या वर्धापनदिनी विद्यार्थी व पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच विषय असतो. पोरगं हुशार आहे, आता त्याला काय शिकवायचं? डॉक्टर म्हटलं की सगळ्यांना कळतं, कॉम्प्युटर म्हटलं तरी कळतं. पण 'पर्यावरण अभियांत्रिकी' असं म्हटलं की माय विचारते, "बावा, म्हणजे झाडं लावाचं काम का? त्यानं पोट्ट्याले नोकरी लागन का?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचंच उत्तर देण्यासाठी आम्ही आज उभे आहोत.

झाडे लावणे चांगलेच, पण ही विद्या तेवढी नाही. पिण्याचे पाणी शुद्ध करणे, सांडपाणी वाहून नेऊन त्यावर प्रक्रिया करणे, कचऱ्याची विल्हेवाट लावणे, कारखान्याचा धूर आणि घाण पाणी मोजून आटोक्यात ठेवणे, हे तिचे काम. माणसाला आजार होण्याआधी तो आजार अडवणारा हा इंजिनिअर असतो.

आता आपल्या तालुक्याकडे पहा. उत्तरेला सातपुडा, अंबाबरव्याचं जंगल. डोंगराच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा थर आहे, तिथं पाणी मुरतं. ते खोल असतं, पण गोड असतं. तिथून दक्षिणेला पूर्णा नदीकडे उतरत गेलं की खारपाणपट्टा लागतो. गाळाची खोल जमीन, तिच्यात साठलेले क्षार आणि निचरा कमी. तिथं बोअर घेतलं तरी पाणी खारंच. म्हणजे एकाच तालुक्यात दोन तऱ्हेचं पाणी आहे. खारपाणपट्टा काही आपल्यापुरता नाही. बुलडाणा, अकोला आणि अमरावती या तिन्ही जिल्ह्यांत तो पसरला आहे. या पट्ट्यात मूत्रपिंडाचे रुग्ण किती, हे आम्ही सांगायला नको. डायलिसिस हा शब्द आपल्या म्हाताऱ्या माणसांनाही पाठ झाला आहे.

यावर उपाय म्हणून वान धरणाचे पाणी नळाने आणणारी १४० गावांची योजना झाली. ती कोणी आखली? किती माणसांना किती लिटर, किती व्यासाचा पाइप, टाकी किती उंच, शेवटच्या घरापर्यंत क्लोरीन किती उरलं पाहिजे, हा सगळा हिशेब इंजिनिअरने केला. नळाच्या टोकाला प्रति लिटर ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन उरावे लागते. ते उरले नाही की पावसाळ्यात गावात जुलाब-उलट्या सुरू होतात. एवढ्याशा आकड्यावर लेकरांचा जीव असतो.

पाण्याचा आणि आपला संबंध काही आजचा नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले, हे आपल्या लहान लेकरालाही ठाऊक आहे. त्यानंतर काय झालं, तेही आठवा. सवर्णांनी पंचगव्याच्या घागरी ओतून ते तळे 'शुद्ध' केले! स्वच्छ पाण्यात शेण आणि गोमूत्र घातले म्हणजे ते शुद्ध झाले, आणि माणसाने ओंजळ भरली म्हणजे बाटले. शुद्ध म्हणजे काय, हे तेव्हा जात ठरवीत होती. आज ते प्रयोगशाळा ठरवते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात प्रति लिटर विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतात. नायट्रेट ४५ च्या वर नको, फ्लोराइड १ पर्यंत, नाइलाज असेल तर १.५ पर्यंत. हे माप ज्याच्या हातात, त्याच्या हातात पाणी. ते माप आपल्या मुलामुलींच्या हातात यावे, एवढेच आमचे सांगणे आहे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४५ मध्ये, केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग स्थापन झाला. आजच्या केंद्रीय जल आयोगाचे मूळ तिथे आहे. दामोदर खोऱ्याच्या योजनेतही त्यांचा मोठा वाटा होता. ज्यांना एका तळ्यावर पाणी नाकारले, त्यांनी देशाच्या नद्यांचा विचार केला. आणि त्याही मागे जाऊ. भिक्खूच्या आठ परिष्कारांत चीवर आणि भिक्षापात्राबरोबर पाणी गाळायचे साधनही आहेच.

मोजल्याशिवाय बोलू नये, हे या विद्येचे पहिले सूत्र. डिसेंबर २०२४ मध्ये शेजारच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड भागातल्या लोकांचे केस अचानक गळू लागले. कोणी म्हणे शाम्पू, कोणी म्हणे बुरशी, कोणी म्हणे पाणी. पाणी तपासले तेव्हा काही ठिकाणी नायट्रेट जास्त निघाले. पण नायट्रेटने टक्कल पडते असे म्हणून भागत नाही. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले. तोवर त्या गावांतल्या लोकांशी सोयरीक करायलाही माणसं कचरत होती. अज्ञानाची शिक्षा अशी रोग्यालाच होते.

घराघरांत आता टीडीएस मीटर आला आहे. तो बुडवून आकडा कमी आला की आपण निश्चिंत होतो. पण तो मीटर एकूण क्षारांचा अंदाज देतो, बरं का. जंतू आहेत का, शिसे आहे का, फ्लोराइड किती, हे त्याला कळत नाही. आरओ मशीन क्षार काढते खरे, पण ते क्षार नाहीसे होत नाहीत. वाया जाणाऱ्या पाण्यातून ते नालीत जातात आणि पुन्हा जमिनीत मुरतात. त्याचं काय करायचं? आपल्या पट्ट्यासाठी हा प्रश्न सोडवणारा इंजिनिअर आपल्याच गल्लीतून का निघू नये?

आणखी एक गोष्ट, जरा कडू आहे. गटारात कोण उतरत आले, कोणत्या जातींची माणसे आत गुदमरून मेली, हे सगळा देश जाणतो. २०१३ साली हाताने मैला साफ करण्याविरुद्ध कायदा झाला, तरी मृत्यू थांबले नाहीत. नुसत्या कायद्याने भागत नाही. माणूस आत उतरावाच लागणार नाही असे गटार, असे यंत्र, असे प्रक्रिया केंद्र आखावे लागते. ज्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या झाडू दिला, त्यांच्या लेकराने तो नकाशा काढला तर त्याहून मोठी क्रांती कोणती?

आता शिक्षणाचे पाहू. चार वर्षांची पदवी. पहिल्या वर्षी गणित, भौतिक, रसायन. पुढे द्रवयांत्रिकी, सर्वेक्षण, जलशुद्धीकरण, मलनिस्सारण, घनकचरा, हवेचे प्रदूषण. प्रयोगशाळेत गढूळ पाण्याच्या भांड्यांत कमी-जास्त तुरटी टाकून कोणत्या मात्रेला गाळ बसतो ते पाहतात. सांडपाण्याचा नमुना २७ अंश तापमानाला तीन दिवस ठेवून त्यातले जंतू किती प्राणवायू खातात ते मोजतात.

कोल्हापूरच्या केआयटी महाविद्यालयात ही शाखा अनेक वर्षे शिकवली गेली. राज्याबाहेर दिल्लीचे तंत्रज्ञान विद्यापीठ, अहमदाबादचे एल. डी. महाविद्यालय, धनबादची आयआयटी इथे ही पदवी आहे. पण आम्ही हातचं राखून बोलणार नाही. पदवीला ही शाखा मोजक्याच ठिकाणी आहे, आणि सरकारी नोकरीच्या पुष्कळ जाहिराती 'स्थापत्य' पदवी मागतात. म्हणून ज्याच्या घरची परिस्थिती बेताची, त्याने आधी स्थापत्य, म्हणजे सिव्हिल, पदवी घ्यावी आणि मग पर्यावरण अभियांत्रिकीत एम.टेक. करावे, हा रस्ता अधिक भरवशाचा. नागपूरच्या व्हीएनआयटीत, मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये ती सोय आहे. 'गेट' परीक्षेत २०२१ पासून पर्यावरणाचा स्वतंत्र पेपर आहे. ज्याला पहिल्यापासून हाच विषय घ्यायचा आहे, त्याने नोकरीच्या जाहिरातींतली पात्रता आधी वाचावी, मग प्रवेश घ्यावा.

कामे कुठे? जीवन प्राधिकरण, प्रदूषण नियंत्रण मंडळ, जिल्हा परिषदेचा पाणीपुरवठा विभाग, नगरपालिका, कारखाने, सल्लागार कंपन्या. संशोधनाची आवड असेल तर नागपूरची 'नीरी' आहे. १९५८ साली ती सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संस्था म्हणून सुरू झाली. पाण्यातले फ्लोराइड तुरटी आणि चुन्याने काढायची 'नलगोंडा' पद्धत तिचीच.

पालकांनो, कागदपत्रांची तयारी अकरावीतच करा. जातीचा दाखला, जात वैधता, उत्पन्नाचा दाखला. ऐन प्रवेशाच्या वेळी धावाधाव नको. भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे. बारावी जड जात असेल तर दहावीनंतर पॉलिटेक्निक करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. मुलींना मागे ठेवू नका. पाणी भरण्याचा त्रास ज्यांना सर्वात जास्त, त्यांनाच पाण्याचं शास्त्र सर्वात लवकर कळेल.

आणि उपासिकांनो, पदवीची वाट पाहू नका. जलजीवन मिशनमध्ये दर गावात पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्या पाचांत आपल्या मोहल्ल्याची एक तरी बाई असावी. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा आपल्या हापशीचे, आपल्या नळाचे पाणी तपासून घ्या, आणि आलेले आकडे विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवा. पोरं रोज ते आकडे वाचतील. वाचता वाचता त्यातलंच एखादं विचारील, नायट्रेट म्हणजे काय? त्या पोराला गप्प बसवू नका. त्याचं नाव विज्ञान शाखेत घाला.

नमो बुद्धाय! जयभीम!