तेच आवार, निराळा अभ्यास

बारावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला येतो, याची रत्नागिरीकरांना आता सवय झाली आहे. 2025 साली हा निकाल 96.74 टक्के होता. तरीही यातली काही हुशार मुलं पदवीच्या पहिल्याच सत्रात अडखळतात, आणि घरचे गोंधळून जातात.

आपल्याकडे अकरावीलाच मूल ‘कॉलेजात’ जातं. रत्नागिरीत अभ्यंकर-कुलकर्णी कनिष्ठ महाविद्यालय आणि मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेलं गोगटे-जोगळेकर महाविद्यालय एकाच संस्थेची. आवार ओळखीचं, मित्र तेच. मग बदललं काय?

पाठ्यपुस्तक गेलं. बारावीपर्यंत मंडळाचं एक पुस्तक पक्कं केलं की भागतं. पदवीला हाती येतो अभ्यासक्रमाचा कागद आणि त्याखाली संदर्भग्रंथांची यादी. बहुतेक मुलं ती यादी वाचतच नाहीत, झेरॉक्सच्या दुकानातून नोट्स आणतात. सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं, कारण त्या नोट्समध्ये उत्तर असतं, पण ते कसं निघालं हे नसतं.

वेळेचं गणितही बदलतं. नव्या शैक्षणिक धोरणात एका श्रेयांकाला 15 तासिका, म्हणजे 4 श्रेयांकांचा विषय 60 तासिकांत संपतो. वर्षभर सावकाश चालायचं आणि जानेवारीनंतर जोर लावायचा, ही बारावीची चाल इथे उपयोगी नाही. गणपतीला गावी जाऊन परत येईतो निम्मं सत्र सरलेलं असतं.

म्हणून अभ्यासक्रमाचा कागद पहिल्याच आठवड्यात वहीच्या पहिल्या पानावर चिकटवावा. संदर्भग्रंथ अथपासून इतिपर्यंत वाचायची गरज नाही. वर्गात झालेला एक मुद्दा दोन पुस्तकांत शोधावा. दोन लेखक तो निराळ्या वाटेनं मांडतात, आणि त्या फरकातच विषय उलगडतो. कॉलेजच्या ग्रंथालयाखेरीज शहरात 1828 पासून चालत आलेलं जिल्हा नगर वाचनालय आहे. त्याचं सभासदत्व जरूर घ्यावं.

आणि पुन्हा पुन्हा वाचण्याची सवय सोडावी. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. दुसरा एकदा वाचून, न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी दोनदा वाचलेला उतारा जास्त आठवत होता. आठवड्यानं मात्र त्यातलं 42 टक्केच आठवलं, आठवून लिहिलेल्या उताऱ्यातलं 56 टक्के.

असं आठवून बघायला वेगळी खोली लागत नाही. संध्याकाळी पावसला जाणाऱ्या एसटीत बसलेल्या मुलीनं वही पिशवीतच ठेवावी आणि दुपारचा तास भाट्याचा पूल येईपर्यंत मनात मांडून बघावा. जिथे अडेल, तो प्रश्न घरी पोचल्यावर लिहून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी तास सुटल्यावर सरांना विचारावा.