पावसाचा मेसेज कोणाच्या मोबाईलवर येतो?

(घोटी येथे प्रभागसंघाच्या बैठकीत केलेले भाषण)



2025 चा मे महिना आठवतोय ना? 24 मेला पाऊस केरळात पोचला आणि 26 मेला मुंबईत, म्हणजे दोन आठवडे आधीच. मग तो मध्येच अडकला. पुढे सरकायला निम्मा जून उजाडला. अशा वेळी बी टाकायचं की थांबायचं? चुकलं तर दुसऱ्यांदा बियाणं घ्यावं लागतं, आणि त्यासाठी पुन्हा गटाचंच कर्ज.

त्या वर्षी केंद्राच्या कृषी मंत्रालयाने एम-किसानवरून 13 राज्यांतल्या सुमारे 3 कोटी 88 लाख शेतकऱ्यांना मोबाईलवर मेसेज पाठवले. पाच भाषांत, त्यात मराठीही होती. तुमच्या भागात पाऊस कधी लागेल, याचा तो अंदाज. काढला एआयने, म्हणजे शिकवलेल्या संगणकाने. त्याला 1900 सालापासूनच्या पावसाच्या नोंदी आणि जगभरच्या हवामानाची माहिती दिली. हवा अशी होती तेव्हा पुढे काय झालं, हे तो त्यातून शिकतो. आपली आजी ढग आणि मुंग्या बघून सांगायची, तसंच. फक्त याच्याकडे सव्वाशे वर्षांची वही आहे.

पण तो शक्यता सांगतो, खात्री नाही. घोटीत धो धो कोसळतो तेव्हा सिन्नरला पदरही भिजत नाही, हे आपल्याला माहीत आहे. तरी उपयोग होतो. मध्य प्रदेश आणि बिहारमध्ये नंतर फोनवर विचारलं, तेव्हा 31 ते 52 टक्के शेतकऱ्यांनी मेसेजमुळे मशागत, पेरणीची वेळ किंवा पीक बदलल्याचं सांगितलं.

आता खरा प्रश्न. एका गटात मी विचारलं, हा मेसेज कोणी पाहिला? एकही हात वर आला नाही. एक ताई म्हणाल्या, "आला असंल, पण ह्यांच्या फोनात काय येतं ते मला कुठं कळतं?" सातबारा त्यांच्या नावावर, नंबरही त्यांचाच. रोप टाकायला आणि आवणीला चिखलात वाकायला मात्र आपण!

म्हणून तीन गोष्टी करू. कृषी सहायकांना विचारून आपलाही नंबर नोंदवू. मे-जूनच्या बैठकीत आलेला मेसेज सगळ्यांसमोर मोठ्याने वाचू. आणि आपल्या शिवारात पाऊस कधी लागला, कधी उघडला, ती तारीख गटाच्या वहीत लिहू. शंका आली तर किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा नंबर मोफत आहे.

कर्जाच्या कागदावर सही आपली असते. मग पेरणीच्या निर्णयातही आपण असायला नको का?