ज्युबिली आणि कृष्णामाई



ज्युबिली हा शब्द आपणांस जुन्या करारातून मिळाला. लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायात परमेश्वराने पन्नासावे वर्ष पवित्र ठरविले. त्या वर्षी भूमीस विसावा द्यावा व परागंदा झालेल्याने आपल्या वतनावर परत यावे, अशी त्याची आज्ञा होती.

आता आपल्या भूमीकडे पाहा. सन २०१९ च्या उन्हाळ्यात माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत गुरांच्या छावण्या पडल्या. आणि त्याच वर्षी ऑगस्टात सांगलीस आयर्विन पुलापाशी कृष्णामाई ५७ फुटांवर चढली. धोक्याची रेषा ४५ फुटांची. दुष्काळापायी खानापूर-आटपाडीचे गलाई बांधव सोनेचांदी गाळावयास परमुलखी गेले. आणि बीडकडील ऊसतोडकरी आपल्या शिवारात खोपी घालून राहतात.

भूमीचा आक्रोश व गरिबांचा आक्रोश वेगळे नाहीत, असे दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या २०१५ च्या धर्मपत्रात शिकविले. टेंभू-म्हैसाळ योजनांनी कृष्णेचे पाणी माळावर चढविले, हे राज्यकारभाराचे पुण्यकर्मच होय. परंतु तेथेही सर्वांनी ऊसच लाविला, तर शेवटच्या गावास काय उरेल? हा प्रश्न सरकारइतकाच आपल्या सदसद्विवेकबुद्धीसही आहे.

आमचा दोष आम्ही कबूल करतो. महापुरात आम्ही भाकरी वाटल्या. परंतु ऊसतोडकऱ्याच्या खोपीशी आम्ही क्वचितच गेलो. यंदाच्या गळीत हंगामात प्रत्येक कुटुंबाने एका तरी खोपीची विचारपूस करावी, तेथील लेकरे शाळेत जातात की नाही हे पाहावे. एवढे घडले तरी आपली ज्युबिली देवास मान्य होईल.

प्रभू येशू आपणां सर्वांचे कल्याण करो. आमेन.