पैठण, तगर आणि एक ग्रीक व्यापारी
(वालूर येथें दिलेलें व्याख्यान)



ग्रीस व रोम यांच्या प्राचीन वाङ्मयावर बोलावें अशी सूचना येतांच आमच्या मनांत होमर किंवा व्हर्जिल न येतां एक निनांवी व्यापारी आला. होमरास आपला मुलूख ठाऊक नव्हता; ह्या व्यापाऱ्यास तो निदान ऐकून ठाऊक होता.

हा गृहस्थ मिसर देशांत राहणारा ग्रीक. इ. स. च्या पहिल्या शतकाच्या मध्यास त्यानें ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ या नांवानें ओळखलें जाणारें लहानसें पुस्तक लिहिलें. त्यांत तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतचीं बंदरें, माल, वारे व धोके यांची माहिती आहे. भाषा साधी, बाजारांतली. शुभवर्तमानें ज्या लोकव्यवहारांतल्या ग्रीकमध्यें लिहिलीं गेलीं, तीच ही ग्रीक, आणि शतकही तेंच. सेमिनरींत आम्हीं सीझरचीं युद्धें घोकलीं. पण ग्रीकांच्या एका ग्रंथांत पैठणचें नांव आहे, हें आम्हांस तेव्हां कोणीं सांगितलें नाहीं.

तो लिहितो कीं, भडोचहून दक्षिणेस २० दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस सुमारें १० दिवसांच्या वाटेवर तगर हें फार मोठें शहर. पैठणचे सुलेमानी दगड, तगरचें जाडेंभरडें कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल हा माल बिनरस्त्याच्या अफाट मुलुखांतून गाड्यांवर भडोचेस जाई. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तेर, असें फ्लीट यांनीं इ. स. १९०१ मध्यें दाखविलें. (तेर वस्तुतः पैठणच्या आग्नेयेस आहे, ऐकीव माहितीवर लिहिणाऱ्या परदेशस्थाची एवढी चूक क्षम्य मानावी.) आपल्या काळ्या मातींत ज्यानें पावसाळ्यांत बैलगाडी हांकली आहे, त्यास ‘बिनरस्त्याचा’ या शब्दाचा अर्थ कोशांत पाहावा लागणार नाहीं. राजेरजवाड्यांच्या दगडांहून आम्हांस तें जाडेंभरडें कापड अधिक मोलाचें वाटतें. तें आपल्याच विणकरांच्या हातचें.

रोममध्यें मात्र ह्या व्यापाराविषयीं कुरकुर होती. हिंदुस्थान दरसाल आपले ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो व तेथला माल येथें शंभरपट किंमतीस विकला जातो, अशी तक्रार थोरल्या प्लिनीनें आपल्या ग्रंथांत नोंदविली आहे. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियस पर्वताच्या स्फोटांत प्लिनी मरण पावला. त्याच स्फोटांत पाँपेई नगर गाडलें गेलें, आणि इ. स. १९३८ मध्यें तेथील एका घरांत हिंदी कारागिराच्या हातची हस्तिदंती स्त्रीमूर्ति निघाली. तशाच धाटणीच्या मूर्ति तेर व भोकरदन येथें मिळाल्या आहेत, म्हणून ती दख्खनची असावी असें कित्येक विद्वानांस वाटतें. ज्या मालाविषयीं तक्रार, त्याचाच नमुना तक्रारदाराच्या मृत्यूच्या वेळीं राखेखालीं जावा, हा योग विलक्षण खरा.

‘यवन’ हा शब्द मूळचा आयोनियन ग्रीकांचा. पुढें तो पश्चिमेकडच्या इतरांसही लागला. कार्ल्याच्या चैत्यांतील अनेक खांब यवनांनीं दान दिलेले आहेत. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नांवाच्या यवनानें पाण्याचीं दोन टाकीं दिल्याचा लेख आहे. वालूरची चक्राकार बारव ज्यांच्या डोळ्यांसमोर आहे, त्यांस पाण्याच्या दानाची थोरवी आम्हीं काय सांगावी!

आतां एक गोष्ट कळकळीनें सांगावयाची आहे. पैठण आपल्या पश्चिमेस, तेर दक्षिणेस, भोकरदन वायव्येस; मधल्या मुलुखांत पांढरीचीं टेकाडें आहेत, आणि त्यांची माती लोक धाब्यांवर व शेतांत टाकण्यासाठीं नेतात. त्या मातीबरोबर मणी, खापरें, नाणीं जातात. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनीं अशाच वस्तु चिकाटीनें जमविल्या. तेथील सरकारी संग्रहालय आज त्यांच्या नांवानें उभें आहे. असा एकेक मनुष्य गांवोगांव निघाला तर पेरिप्लसकर्त्यानें ज्या वाटांचीं नांवें लिहिलीं नाहींत, त्यांचाही माग लागेल.

तेव्हां माती काढतांना नाणें सांपडलें तर तें चिंचेनें घासूं नये, सोनाराकडे नेऊं नये. जागा व खोली लिहून ठेवावी. पुरलेली मौल्यवान वस्तु सांपडल्यास ती जिल्हाधिकाऱ्यांस कळविणें इ. स. १८७८ च्या कायद्यानें आवश्यकच आहे. आणि खापरांत उंच, दोन कानांच्या सुरईचा जाड तुकडा दिसला तर तो फेकूं नये, इ. स. १९५४ ते १९५६ या काळांत नेवाशाच्या उत्खननांत सांकळिया यांस असेच तुकडे मिळाले, आणि ते भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्याच्या भांड्यांचे ठरले.